जरा फिरून येते!

सुगी आटोपली, धान्य घरात आलं, की एक प्रश्न घराघरांत हळूच डोकं वर काढतो. मोठ्यानं तो कुणी विचारत नाही. पन्नाशी गाठलेली बाई तांदूळ निवडता निवडता तो स्वतःलाच विचारते, आणि पंचावन्न वर्षांचा गडी बांधावर बसून तंबाखू मळता मळता विचारतो. पोरं हाताशी आली, लेकी आपापल्या घरी नांदायला गेल्या, सोसायटीचं कर्ज कसंबसं फिटतं आहे. आता पुढं काय? उरलेली वीस-पंचवीस वर्षं ओसरीवर बसून गुडघे चोळायचे, की अजून काही करायचं राहिलं आहे?

ह्या प्रश्नाला एका शेतकरीणबाईनं पायांनी उत्तर दिलं. त्या बाईची हकिगत आज तुम्हाला सांगायची आहे. बाई आपल्याकडची नव्हे, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातली. पण ऐकताना तुम्हाला फारसं परकं वाटणार नाही. चूल, गुरं, तंबाखूचं रान, अकरा बाळंतपणं आणि दादल्याचा मार, हे सगळं तिच्या वाट्याला आलं होतं. ह्या बाईनं वयाच्या 67व्या वर्षी खांद्याला झोळी अडकवली आणि एकटीनं, डोंगराडोंगरांतून, 2,050 मैल चालून दाखवलं. म्हणजे जवळजवळ 3,300 किलोमीटर. हिशेब करून बघा: आळंदी ते पंढरपूर अशा तेरा वाऱ्या एकामागून एक, आणि त्याही चढउताराच्या रानातून. बरोबर दिंडी नाही, टाळ नाही, सामानाचा ट्रक नाही.

तिचं नाव एमा गेटवुड. पुढं सारा देश तिला ‘गेटवुड आजी’ म्हणू लागला.

एमाचा जन्म 1887 सालचा, ऑक्टोबर महिन्यातला. घर शेतकऱ्याचं, भावंडं पंधरा. शाळा आठवीपर्यंत झाली, तीही शेतातल्या कामांतून सवड मिळेल तशी. 1907 साली, एकोणिसाव्या वर्षी, तिचं लग्न झालं. नवरा शिकलेला, मास्तरकी केलेला, पुढं तंबाखूची शेती करणारा. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, पोरीनं नशीब काढलं. पण लग्नाला थोडे महिने होताहेत तोच त्यानं हात उचलला, आणि मग तो हात तीस वर्षांहून जास्त काळ खाली आला नाही. ह्या काळात तिला अकरा मुलं झाली. ती रानात राबायची, स्वयंपाक करायची, गोधड्या शिवायची, आजारी मुलांना झाडपाल्याची औषधं द्यायची. आणि मार अगदीच असह्य झाला, की घरामागच्या रानात निघून जायची. झाडांत घटकाभर बसायची, डोकं शांत करायची आणि परत येऊन भाकरतुकड्याला लागायची. रानाशी तिचं नातं जडलं ते असं. हौसेनं नव्हे, आसऱ्यासाठी.

1939 साली गोष्ट टोकाला गेली. नवऱ्यानं तिला इतकं मारलं की दात तुटले, बरगडी मोडली. तिनं हाताला लागलेली पिठाची पिशवी त्याच्यावर फेकली. पोलीस आले आणि त्यांनी पकडून नेलं ते तिलाच! रात्र तिनं कोठडीत काढली. गावच्या नगराध्यक्षानं तिचं सुजलेलं तोंड पाहिलं, तेव्हा कुठं तिची सुटका झाली आणि त्यानं तिला आपल्याकडे आसरा दिला. 1941 साली तिनं रीतसर फारकत घेतली. तेव्हा ती 53 वर्षांची होती. धाकटी मुलं तिच्याजवळ राहिली.

हे सांगण्याचं कारण एवढंच, की पुढची हकिगत ऐकून कुणी म्हणू नये, ‘संसाराला कंटाळून निघाली असेल.’ तिनं फारकत घेतली आणि ती डोंगरात निघाली, ह्या दोहोंमध्ये तब्बल चौदा वर्षं गेली. त्या चौदा वर्षांत तिनं मुलं मार्गी लावली, मिळेल ती कामं केली, म्हाताऱ्या-आजाऱ्यांची शुश्रूषा केली, चार पैसे गाठीला बांधले. ती पळाली नव्हती. सगळं आवरून, हात धुऊन, मग निघाली.

आता ती वाट कोणती ते बघू. अमेरिकेच्या पूर्व अंगाला, आपल्या सह्याद्रीसारखी पण त्याहून पुष्कळ लांब, अशी अॅपलाचियन नावाची डोंगररांग आहे. बेंटन मकाय नावाच्या वनखात्यात काम केलेल्या गृहस्थानं 1921 साली अशी कल्पना मांडली, की ह्या डोंगरांच्या माथ्यामाथ्यानं माणसांना पायी चालता येईल अशी एक सलग पायवाट असावी. गावोगावच्या हौशी लोकांनी कुऱ्हाडी-कोयते घेऊन ती पाडली आणि 1937 साली वाट पुरी झाली. दक्षिणेत जॉर्जिया, उत्तरेला मेन, मध्ये मिळून चौदा राज्यं. झाडांवर पांढऱ्या रंगाचे उभे पट्टे मारलेले, तीच वाटेची खूण. अधूनमधून तीन बाजूंनी भिंती आणि चौथी उघडी असे लाकडी निवारे. ही सबंध वाट एका दमात, एकाच मोसमात चालून जाण्याचं पहिलं नाव नोंदलं गेलं ते अर्ल शेफर ह्या महायुद्धातून परतलेल्या तरुण शिपायाचं, 1948 साली. त्याच्यामागून हाताच्या बोटांवर मोजण्याइतके पुरुष गेले. एकट्या बाईनं एका मोसमात ती पुरी केली नव्हती.

‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकाचा 1949 सालचा एक जुना अंक एमाच्या हाती लागला. त्यात ह्या वाटेवर लेख होता. वाट नीट राखलेली आहे, खुणा स्पष्ट आहेत, मुक्कामाला निवारे आहेत, धडधाकट माणसाला ती चालता येईल, असं त्यात रंगवलं होतं. एमानं मनाशी गाठ बांधली: कुणी बाई गेली नाही ना? मग मी जाते.

पहिली खेप फसली. 1954च्या उन्हाळ्यात ती उत्तरेच्या टोकाकडून निघाली. थोड्याच दिवसांत मेनच्या दाट रानात वाट चुकली. चष्मा फुटला. शिधा संपत आला. वनरक्षक तिला शोधत होते. ती सापडल्यावर त्यांनी बाईला घरी जायला सांगितलं. ह्या वयात हे काय, असाच त्यांचा सूर. ती मुकाट्यानं घरी आली आणि झाल्या गोष्टीची वाच्यता कुणापाशीही केली नाही.

मंडळी, आपल्यापैकी बहुतेकांची गाडी इथंच थांबली असती. एकदा हसं झालं, पुरे झालं. एमानं काय केलं ते नीट ऐका, कारण सगळ्या हकिगतीतला घेण्यासारखा भाग हा आहे. तिनं हिवाळाभर एका शुश्रूषागृहात काम केलं आणि सरकारी पेन्शनीला पात्र होण्याइतकी नोकरी पुरी केली. महिना 52 डॉलर, बेताचेच, पण हक्काचे. आणि जानेवारीपासून ती रोज चालायला लागली. आधी आळीला एक फेरी, मग थोडी मोठी, मग आणखी मोठी. एप्रिल उजाडेपर्यंत ती दिवसाला दहा मैल चालत होती. शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटलं असेल, म्हातारी पाय मोकळे करते आहे. तिचा बेत तिच्या पोटात होता.

सामान काय घेतलं? तंबू नाही, झोपायची पिशवी नाही, नकाशासुद्धा नाही. जाड्याभरड्या डेनिम कापडाची, नाडी ओढून तोंड बंद करायची झोळी तिनं स्वतः शिवली. ती पाठीला बांधायची नव्हे, एका खांद्यावर टाकायची. तिच्यात एक घोंगडीवजा कांबळं, रेनकोट, आणि न्हाणीघरात लावतात तो प्लॅस्टिकचा पडदा: पाऊस आला तर डोक्यावर, नाही आला तर अंगाखाली. खायला मनुका, शेंगदाणे, दुधाची भुकटी, डब्यातलं मटण, आणि गरम पाण्यात विरघळवून प्यायच्या रश्श्याच्या वड्या. चिकटपट्ट्या, आयोडीन, व्हिक्सची डबी, सेफ्टी पिना, चाकू, विजेरी, वही-पेन. पायांत जाड तळव्याचे डोंगरी बूट नाहीत, पोरं खेळायला घालतात तसले कापडी बूट. सगळं ओझं आठ-नऊ किलोच्या घरात. बाजारातून भाजी आणतानासुद्धा आपण ह्याहून जास्त उचलतो.

मुलांना तिनं फक्त एवढंच सांगितलं होतं, की जरा फिरून येते. कुठं, किती, कशी, काही नाही. 3 मे 1955 रोजी ती जॉर्जियातल्या ओगलथॉर्प डोंगरावरून उत्तरेकडे चालू लागली.

वाट मासिकात रंगवली होती तशी मुळीच नव्हती. कित्येक ठिकाणी झाडं आडवी पडलेली, खुणा पुसट झालेल्या, निवारे मोडलेले नाहीतर जळून गेलेले. जे उभे होते त्यांत घाण. तिला त्याचा राग आला आणि पुढं वर्तमानपत्रवाल्यांना तिनं तो स्पष्ट बोलूनही दाखवला. पण राग आला म्हणून ती थांबली नाही. निवारा नसेल तिथं ती पाला गोळा करून त्यावर निजली. थंडीच्या रात्री शेकोटीत दगड तापवून ते अंगाशी घेऊन झोपली. कधी बाकावर, कधी कुणाच्या ओसरीवर. वाटेत वस्ती लागली की दार ठोठवायचं आणि रात्रीपुरती जागा मागायची. काहींनी दार लावून घेतलं. बरेच जण जेवू घालून निजायला अंथरूण देत. रानातली फळं आणि भाजी तिला ओळखता येत होती, कारण तिचं सगळं आयुष्यच शेतात गेलेलं. शहरातल्या मास्तराला पुस्तक उघडून शोधावी लागतील ती पानं ती चालता चालता खुडून तोंडात टाकायची. तुमच्या घरातल्या आजीला बांधावरची कुर्डू आणि पाथरी जशी दुरून दिसते, तसंच.

बातमी अशी किती दिवस झाकून राहणार? व्हर्जिनिया राज्यात ती पोहोचली तेव्हा एका वर्तमानपत्राच्या माणसानं तिला गाठलं. मग गावोगाव पत्रकार वाटेवर उभे राहू लागले. घरी मुलांना पत्ता लागला तो तिच्या पत्रांतून आणि छापून आलेल्या बातम्यांतून. ऑगस्टमध्ये त्या भागावर पाठोपाठ दोन वादळं आली. कॉनी आणि डायन अशी त्यांची नावं. प्रचंड पाऊस कोसळला, ओढे-नाले फुगले. एका फुगलेल्या ओढ्याशी ती अडून बसली होती. तिथं नौदलातली दोन तरुण पोरं भेटली. त्यांनी दोर काढला, म्हातारीला मध्ये घेतलं, तिघांच्या कमरा दोरानं बांधल्या आणि तिला पलीकडे उतरवलं. एकटं चालणं म्हणजे कुणाचीच मदत न घेणं नव्हे, हे त्यातून समजून घ्या. पाणी चढलेलं असताना ती हट्टानं एकटी उतरली नाही. बसली आणि वाट पाहिली.

शेवटचा टप्पा सगळ्यांत अवघड. मेनच्या त्याच रानात, जिथं आदल्या वर्षी ती हरवली होती. ती पडली, पाय मुरगळला, चष्मा पुन्हा फुटला. अर्धवट दिसणाऱ्या डोळ्यांनी, लंगडत, मिळतील ते कपडे अंगावर चढवून ती कटाडिन डोंगराच्या माथ्यावर पोहोचली. तारीख 25 सप्टेंबर 1955. निघाल्यापासून 146वा दिवस. माथ्यावरच्या वहीत तिनं नाव लिहिलं, आपल्या देशाचं एक गाणं म्हटलं आणि खाली उतरायला लागली. बुटांचे जोडामागून जोड झिजले होते आणि पाय सुजून रुंदावले होते.

ती इथंच थांबली असती तरी पुष्कळ होतं. पण 1957 साली तीच वाट ती पुन्हा चालली. 1959 साली, मागच्या शतकात बैलगाड्या घेऊन कुटुंबंच्या कुटुंबं ज्या वाटेनं पश्चिमेला गेली होती, त्या ऑरेगनच्या वाटेनं आणखी सुमारे 2,000 मैल. 1964 साली अॅपलाचियन वाट तिसऱ्यांदा पुरी केली, ती मात्र तुकड्यातुकड्यांनी. ती वाट तीनदा पुरी करणारी ती पहिली व्यक्ती. बाई म्हणून नव्हे, माणूस म्हणून पहिली. 1968 साली सरकारनं कायदा करून त्या वाटेला राष्ट्रीय वाटेचा दर्जा दिला. 1973च्या जून महिन्यात, 85व्या वर्षी, एमा वारली.

आता आपल्याकडे वळू. ‘गोष्ट छान आहे, पण आम्हाला काय त्याचं?’ असं घरधनी म्हणतील. पन्नाशीनंतर लांब चालायला निघणं ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. वारकऱ्याला ती कुणी शिकवायला नको. आणि एकट्यानं चालायचं तर नर्मदेची परिक्रमा आहेच. अमरकंटकपासून समुद्रापर्यंत नर्मदा 1,312 किलोमीटर. एका काठानं खाली, दुसऱ्यानं वर, नदी सतत उजव्या हाताला ठेवायची आणि पात्र ओलांडायचं नाही, असा नियम. आपल्या नंदुरबार जिल्ह्याची उत्तर शीव ह्याच नदीनं आखलेली आहे. मोठ्या धरणांच्या पाण्याखाली जुनी वाट कित्येक ठिकाणी बुडाली, त्यामुळं परिक्रमावासी आता दुरून वळसा घेऊन जातात. तरी दरवर्षी पन्नाशी-साठी उलटलेली मराठी माणसं, त्यांत बायासुद्धा, त्या काठानं चालताना दिसतात. जबलपूरचे चित्रकार अमृतलाल वेगड ह्यांनी 1977 साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, नर्मदाकाठानं चालायला सुरुवात केली. कॉलेजात शिकवण्याची नोकरी सांभाळून, दर खेपेला एक तुकडा, आणि पुढची किती तरी वर्षं. बरोबर सोबती असायचे. वेगड 2018 साली गेले.

हा तुकड्यातुकड्यांचा मार्ग शेतकरी घराला सोयीचा आहे. पाच महिने घर सोडणं आपल्याला परवडत नाही. दूध काढायचं असतं, पाण्याची पाळी असते. पण पेरणी आणि खुरपणी ह्यांच्यामध्ये, किंवा सुगीनंतर उन्हाचा तडाखा वाढायच्या आत, आठ-दहा दिवस निघू शकतात. पुढच्या वर्षी जिथं थांबला होता तिथून पुन्हा सुरू करायचं. वाट कुठं पळून जात नाही.

निघण्याआधीच्या चार गोष्टी मात्र गाठीला बांधा.

पहिली, सवयीची. ‘आम्ही दिवसभर रानात पायांवरच असतो, आम्हाला कसली सवय करायची?’ असं म्हणू नका. रानातलं काम वाकून असतं, थांबत थांबत असतं. ओझं घेऊन सलग चार-पाच तास चालणं निराळं. एमासुद्धा जन्मभर राबलेलीच होती, तरी तिनं तीन-चार महिने सराव केला. रोज गावाला एक फेरी, मग शिवेपर्यंत, मग पलीकडच्या गावापर्यंत. दर आठवड्याला थोडं वाढवा आणि आठवड्यातून एक दिवस पायांना सुट्टी द्या. शेवटचे काही दिवस नेणार तेवढं ओझं खांद्यावर घेऊन चाला.

दुसरी, पायांची. बूट संध्याकाळी विकत घ्या, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. लांब चालताना तर जास्तच. बोटांपुढं अंगठ्याएवढी जागा मोकळी राहिली पाहिजे. नवे बूट घालून थेट वाटेला लागू नका. महिनाभर घराभोवती मळवा. नखं सरळ कापा. चालताना कुठं चुरचुरल्यासारखं वाटलं, की तिथंच थांबा आणि चिकटपट्टी लावा. ‘मुक्कामाला पोहोचल्यावर बघू’ म्हणाल तर तोवर फोड येईल. फोड आला तर वरची कातडी ओरबाडू नका. मोजे ओले झाले की बदला. उतारावर गुडघ्यांवर भार येतो, तेव्हा हातात काठी ठेवा आणि पावलं लहान टाका.

तिसरी, तब्येतीची. चाळिशी उलटली की निघण्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. ज्याला मधुमेह आहे त्याच्या पायाला जखम झालेली कळत नाही आणि ती लवकर भरतही नाही. अशानं रोज रात्री दोन्ही तळवे उजेडात नीट बघितलेच पाहिजेत, आणि चालण्याचा बेत डॉक्टरांना विचारूनच करावा. चालू असलेल्या गोळ्या बरोबर घ्या. छातीत दुखलं, डावा हात भरून आला, दम लागून थांबेना, तर ‘जरा पित्त झालं’ म्हणून पुढं रेटू नका. घामावाटे पाण्याबरोबर मीठही जातं. पाण्यात चिमूटभर मीठ आणि थोडी साखर घालून घोट घोट पीत राहा.

चौथी, एकटेपणाची. एमा कुणाला न सांगता गेली, त्यात तिचं नशीब पुष्कळ जोरावर होतं. पहिल्या खेपेला ती हरवली तेव्हा ती नेमकी कुठं आहे हे घरच्या कुणालाही ठाऊक नव्हतं. तुम्ही तसं करू नका. कोणत्या दिवशी कुठं मुक्काम, हे कागदावर लिहून घरात ठेवा. मोबाइल जवळ ठेवा, रात्री एकदा फोन करा. खिशात ओळखपत्र आणि घरचा फोन नंबर असू द्या. अंधार पडायच्या आत मुक्काम गाठा. बायांनी पहिल्या खेपेला बहीण, जाऊ, शेजारीण अशी कुणी सोबत घ्यावी. वाटेचा, पायांचा आणि माणसांचा अंदाज आला, की मग एकटीनं जायचं की नाही ते ठरवावं. पुरात उतरू नये, हे तर तुम्हाला कुणी सांगायला नको.

मग एकटं जायचंच कशाला, असं कुणी विचारील. दिंडीत चालताना पाय आपले असले तरी चाल सगळ्यांची असते. भजन सुरू असतं, विणेकरी पुढं असतो, थांबायचं कधी ते ठरलेलं असतं. तिथला आनंद मोठा आहे, त्याला तोड नाही. पण शेतकरी घरातली बाई जन्मभर दुसऱ्यांच्या वेळेवर चाललेली असते. सासऱ्याचा चहा, गुरांची वैरण, पोरांची शाळा, मजुरांची न्याहारी. मला भूक कधी लागते, माझे पाय कधी दमतात, मला गप्प बसावंसं कधी वाटतं, हे तिला कधी कळलेलंच नसतं. बापईगड्याचंही वेगळं काय? त्याचा दिवस लाईट कधी येते त्यावर आणि बाजारभावावर चालतो. एकट्यानं चार दिवस चालून बघितलं, की माणसाला स्वतःची चाल कळते. ती कळायला 67 वर्षं लागू नयेत.

आणि आता शेवटचं, ते घरातल्या कर्त्या मुलांना आणि सुनांना. उद्या तुमची आई म्हणाली, ‘मला जरा चालून यायचं आहे,’ तर हसू नका. ‘ह्या वयात?’ हे दोन शब्द तर तोंडातून काढूच नका. एमाला ते शिकलेल्या, कर्त्या, अधिकारी माणसांनीही ऐकवले होते. त्याऐवजी तिला विचारा, तितके दिवस दूध कुणी काढायचं, पाणी कुणी भरायचं, दळण कुणी न्यायचं. बसून वाटणी करा. आई घराबाहेर पडू शकत नाही ती बहुतेक वेळा गुडघ्यांमुळं नव्हे, ह्या तीन कामांमुळं. ती वाटून घेतलीत तर निम्मी वाट तिथंच सरली. आणि एखाद्या घरात अडचण कामांची नसून हात उचलणाऱ्या माणसाची असेल, तर तिथं चालायला जाण्याची गोष्ट पुढची. आधी त्या बाईला माहेरच्यांनी, शेजाऱ्यांनी, गावानं आसरा द्यायला हवा. एमाला तो मिळायला तीस वर्षांहून जास्त काळ लागला.

हा मजकूर एकट्यानं वाचून घडी घालून ठेवू नका. रात्री जेवणं झाल्यावर घरात मोठ्यानं वाचून दाखवा, विशेषतः जिला वाचता येत नाही त्या आजीला. आणि तुमच्या गावात कुणी पन्नाशीनंतर अशी लांबची वाट धरली असेल, एकट्यानं अथवा एकटीनं, तर आम्हाला पत्रानं जरूर कळवा. किती चाललं, काय खाल्लं, पायाला काय झालं, घरच्यांनी काय म्हटलं, सगळं लिहा. चांगली पत्रं ह्याच पानावर छापू.